क्रीडा मानसशास्त्रज्ञाची नोंदवही कोणासाठी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खेळाडूंच्या मानसिक तयारीविषयी आपल्या दैनिकात अलीकडे सातत्याने लेखन प्रसिद्ध होत आहे, याचे या क्षेत्रात काम करणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाला मनापासून समाधान वाटते. दडपण, एकाग्रता, दुखापतीनंतरचे पुनरागमन, अपयशानंतर येणारी मरगळ या गोष्टी पूर्वी कुजबुजत बोलल्या जात. आता त्यांवर मोकळेपणाने लिहिले जाते. मात्र या चर्चेत एक प्रश्न नेहमी राहून जातो. खेळाडूच्या मनाशी काम करणारी व्यक्ती स्वतः कशी घडते, ती आपले काम कसे तपासते, आणि तिचे चुकते तेव्हा ते तिच्या लक्षात कोण आणून देते? मी अनेक वर्षे खेळाडूंसोबत काम केले आहे आणि त्यातील बराच काळ नव्या क्रीडा मानसशास्त्रज्ञांची मार्गदर्शक म्हणूनही घालवला आहे. त्या आधारे या प्रश्नाविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात माझ्याच एका सत्रापासून करते. मी प्रशिक्षणार्थी असताना एक सतरा वर्षांची बॅडमिंटनपटू माझ्याकडे पाठवण्यात आली होती. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. दुसऱ्या दिवशी तिचा उपांत्य सामना होता आणि आमच्याकडे चाळीस मिनिटे होती. मी तिला श्वसनाचा व्यायाम शिकवला: चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर. त्यानंतर सर्व्हिसपूर्वी पाळायचा ठरावीक क्रम शिकवला, आणि गुण गमावल्यावर स्वतःशी म्हणायची दोन छोटी वाक्ये तिच्याकडून पाठ करून घेतली. ती मान डोलावत होती. दुसऱ्या दिवशी ती सामना जिंकली. त्या संध्याकाळी मी नोंदवहीत लिहिले, ‘सत्र चांगले झाले. खेळाडूने पूर्ण सहकार्य केले. तंत्रांचा उपयोग झालेला दिसतो.’

आठवड्याने माझ्या मार्गदर्शक बाईंनी ती नोंद वाचली, ‘सहकार्य’ या शब्दाभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढले आणि विचारले, “ती काय म्हणाली?” मला काहीच सांगता येईना. चाळीस मिनिटांपैकी निदान तीस मिनिटे मीच बोलत होते. बाई थांबून राहिल्या. मग हळूहळू आठवू लागले की, मी बोलत असताना ती रॅकेटच्या मुठीवरची ग्रिप सोडवत होती आणि पुन्हा गुंडाळत होती. तीन वेळा तिने ती सोडवली, तीन वेळा घट्ट बसवली. आणि मध्येच, मान वर न करता, म्हणाली होती, “उद्या बाबा येणार आहेत बघायला.” त्यावर मी “छान!” म्हणून पुढच्या तंत्राकडे वळले होते.

बाईंचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. “त्या वेळी तुझ्या मनात काय चालले होते?” प्रामाणिक उत्तर असे होते की, दाराबाहेर तिचे प्रशिक्षक घड्याळ पाहत उभे होते आणि सत्र संपल्यावर ‘काय शिकवले?’ या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून माझ्याकडे काहीतरी ठोस असावे, एवढीच माझी धडपड होती. श्वसनाचा तो व्यायाम त्या मुलीपेक्षा माझी घालमेल शांत करण्यासाठी अधिक होता. तो व्यायाम चुकीचा नव्हता, शास्त्रीयदृष्ट्या योग्यच होता. पण त्या दिवशी, त्या मुलीसमोर, मी तो का निवडला याचे कारण माझ्यापाशी होते, तिच्यापाशी नव्हते. आणि ती जिंकल्यामुळे हे मला एरवी कधीही कळले नसते. आमच्या व्यवसायात पराभवापेक्षा विजयच चुका अधिक झाकून टाकतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा उमगले.

इंग्रजीत ज्याला ‘रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिस’ म्हणतात ते हेच. मराठीत त्याला चिंतनशील कार्यपद्धती म्हणता येईल. या शब्दांनी डोळे मिटून बसण्याचे चित्र उभे राहू नये, म्हणून खुलासा करते. आपण जे केले ते नेमके काय होते, ते करताना आपल्याला काय वाटत होते, आपण कोणत्या गृहीतकावर चाललो होतो, दुसरे काय करता आले असते आणि पुढच्या वेळी काय करायचे, याची लेखी व शिस्तबद्ध तपासणी असा त्याचा अर्थ आहे. विचार हा अडखळण्यापासून, संभ्रमापासून सुरू होतो, असे अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनी १९१० मध्येच मांडले होते. पुढे १९८३ मध्ये अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी वास्तुरचनाकार, मनोचिकित्सक, नगररचनाकार अशा व्यावसायिकांचे प्रत्यक्ष काम पाहून दाखवून दिले की, पुस्तकी सिद्धान्त जसाच्या तसा लागू करून यातील कोणाचेही काम चालत नाही. कुशल माणूस काम करता करताच परिस्थितीशी बोलत असतो आणि काम संपल्यावर मागे वळून पाहतो. यातील पहिल्याला त्यांनी कृतीतील चिंतन म्हटले, दुसऱ्याला कृतीनंतरचे. पक्क्या, उंच जमिनीवरचे प्रश्न शास्त्राने सुटतात. पण माणसांना खरोखर छळणारे प्रश्न खालच्या दलदलीत असतात, हे त्यांचे रूपक आमच्या व्यवसायाला जितके लागू पडते तितके क्वचितच दुसऱ्या कशाला लागू पडत असेल.

आमच्या शास्त्राच्या इतिहासातच याची साक्ष आहे. कोलमन ग्रिफिथ यांनी १९२५ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारली. प्रतिक्रियेचा वेग, लक्ष, स्नायूंवरील ताण यांविषयी त्यांच्याइतके ज्ञान तेव्हा फार थोड्यांकडे असेल. १९३८ मध्ये शिकागो कब्स या बेसबॉल संघाच्या मालकांनी त्यांना नेमले. त्यांनी बारकाईने निरीक्षणे केली, अहवाल लिहिले. पण संघाच्या व्यवस्थापकांशी त्यांचे सूर जुळले नाहीत आणि त्यांच्या बहुतेक सूचना कागदावरच राहिल्या. ग्रिफिथ यांना कमी लेखण्याचा हेतू नाही. त्यांच्यापुढे वाट दाखवणारे कोणी नव्हते. पण ज्ञान पुरेसे असूनही नाते जमले नाही तर काय होते, हे आमच्या क्षेत्राच्या पहिल्याच मोठ्या प्रयोगात दिसले होते आणि तरीही पुढील कित्येक दशके आमचे प्रशिक्षण प्रामुख्याने सिद्धान्त व तंत्रे शिकवण्यावरच भर देत राहिले. १९८७ मध्ये क्रीडा मानसशास्त्रज्ञ रेनर मार्टेन्स यांनी प्रयोगशाळेतील ज्ञान आणि मैदानावरचे ज्ञान यांच्यातील दरीवर बोट ठेवले आणि अनुभवातून येणाऱ्या ज्ञानाला मान मिळावा, असे ठामपणे सांगितले. २००१ मध्ये निकोलस होल्ट व विल्यम स्ट्रीन यांनी एका नवख्या सल्लागाराच्या सुरुवातीच्या कामाचे आत्मकथन शोधनिबंधाच्या रूपात प्रसिद्ध केले, तर २००४ मध्ये अँडरसन, नोल्स आणि गिलबोर्न यांनी क्रीडा मानसशास्त्रज्ञांच्या घडणीत चिंतनाला मध्यवर्ती स्थान का द्यावे, हे सविस्तर मांडले. ब्रिटनमध्ये आता देखरेखीखालील प्रशिक्षणात अशा नोंदी ठेवणे अपेक्षितच असते, आणि २००९ पासून तेथे ‘क्रीडा व व्यायाम मानसशास्त्रज्ञ’ ही व्यावसायिक उपाधी कायद्याने संरक्षित असून, आपल्या कामाचे परीक्षण करता येणे हा नोंदणीकृत व्यावसायिकाकडून अपेक्षित असलेल्या पात्रतेचा भाग आहे.

यावर एक आक्षेप मी वारंवार ऐकते: अनुभव आला की हे सगळे आपोआप येते, त्यासाठी वह्या कशाला भरायच्या? हा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा, कारण तो बहुधा ज्येष्ठ आणि कर्तबगार सहकाऱ्यांकडून येतो. पण अनुभवाने आपोआप शहाणपण येते, याला पुरावा कमी आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १७० मानसोपचारकांची आणि त्यांच्याकडे आलेल्या साडेसहा हजारांहून अधिक लोकांची अनेक वर्षांची माहिती तपासली गेली. काम करण्याची वर्षे वाढली तशी उपचारांची परिणामकारकता सरासरीने वाढली नव्हती. उलट किंचित घटली होती. त्या मानसोपचारकांपैकी काही जण मात्र काळाबरोबर सुधारत गेले होते. हा अभ्यास क्रीडा मानसशास्त्रज्ञांचा नाही, हे मान्य. पण बंद दाराआड दोन माणसांनी बोलायचे, परिणाम उशिरा आणि धूसर दिसायचा, आणि समोरचा माणूस सौजन्याने ‘बरे वाटले’ म्हणायचा, ही परिस्थिती दोन्हीकडे सारखीच आहे. धनुर्धराला आपला बाण कुठे लागला ते तत्क्षणी दिसते. आम्हाला दिसत नाही. म्हणून आम्हाला ते शोधावे लागते.

खेळाडू तर हे आमच्या आधीपासून करत आले आहेत. सामना संपला की संघ चित्रफीत घेऊन बसतो, एकच चेंडू दहादा मागे-पुढे करून पाहिला जातो, पाय कुठे पडला, खांदा कधी उघडला याची चर्चा होते. ज्यांच्याकडून आम्ही इतक्या चिकाटीची अपेक्षा करतो, त्यांच्यासोबत घालवलेल्या तासाकडे आम्ही स्वतः एकदाही वळून पाहू नये, हे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

मात्र माझे पत्र केवळ या पद्धतीची बाजू मांडण्यासाठी नाही. ती स्वीकारली गेल्यानंतर तिचे जे होते आहे, त्याविषयी मला अधिक चिंता आहे. चिंतनासाठी काही आराखडे उपलब्ध आहेत. टेरी बॉर्टन यांचे १९७० मधील तीन प्रश्न, म्हणजे काय घडले, त्याचा अर्थ काय आणि आता काय करायचे, हे सर्वांत सुटसुटीत. ग्रॅहम गिब्ज यांचे १९८८ मधील चक्र सहा टप्प्यांचे आहे: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढील कृती. नवख्या माणसाला असा आधार लागतो, आणि भावनांसाठी स्वतंत्र जागा ठेवल्याबद्दल गिब्ज यांचे आभारच मानायला हवेत, कारण ती जागा नसती तर आमच्यापैकी बहुतेकांनी तो मुद्दा टाळला असता. पण आराखडा हाती आला की त्याचा छापील तक्ता होतो, तक्त्याला गुण मिळू लागतात आणि गुण मिळू लागले की लिहिणाऱ्याचे लक्ष खेळाडूवरून उडून परीक्षकावर जाते.

एका प्रशिक्षणार्थ्याची वही मला आजही आठवते. चौदा सत्रांच्या चौदा नोंदी, सहाही शीर्षके अधोरेखित, अक्षर मोत्यासारखे. आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी थोड्याफार फरकाने तेच वाक्य: ‘पुढील वेळी मी अधिक लक्षपूर्वक ऐकेन.’ मी त्याला विचारले, चौदा वेळा ठरवूनही ऐकणे जमले नाही, की प्रत्येक वेळी ऐकले होते आणि तरीही हे लिहिले? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मॅडम, खरी चूक लिहिली तर ती तुमच्या शेऱ्यात राहील. काहीच चूक नाही असे लिहिले तर चिंतन नाही म्हणून गुण जातील. म्हणून चालण्यासारखी चूक लिहितो.” चालण्यासारखी चूक, हे त्याचे शब्द. मला त्याच्यावर रागावता आले नाही. आम्ही उभ्या केलेल्या व्यवस्थेला त्याने दिलेला तो अगदी समंजस प्रतिसाद होता.

या संवादानंतर मी काम करण्याची रीत बदलली आणि तशीच ती सर्व प्रशिक्षणक्रमांत बदलावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. शिकण्यासाठीची नोंदवही आणि मूल्यमापनासाठीची नोंदवही या दोन वेगळ्या असल्या पाहिजेत. पहिली प्रशिक्षणार्थ्याच्या मालकीची असावी. ती मार्गदर्शकासोबत वाचली जावी, पण तिला गुण नसावेत आणि ती कोणत्याही दप्तरात जमा होऊ नये. तिच्यातून स्वतः निवडलेल्या दोन-तीन प्रसंगांवर विस्ताराने लिहून ते मूल्यमापनासाठी सादर करता येईल, आणि तेथेही चुकांची संख्या न मोजता विचाराची खोली पाहिली जावी. अर्थात खेळाडूला इजा होण्याचा धोका दिसला, तर तो वहीच्या गोपनीयतेत झाकला जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले पाहिजे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे सुरुवात मार्गदर्शकाने करावी. माझ्या बाईंनी मला ‘सहकार्य’ या शब्दावर अडवले त्याच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या एका फसलेल्या सत्राची नोंद मला वाचून दाखवली होती. वीस वर्षे काम केलेल्या बाईंना एका संतापलेल्या गोलरक्षकासमोर काय बोलावे ते सुचले नव्हते आणि त्यांनी ते तसेच लिहिले होते. ती नोंद ऐकली नसती, तर दाराबाहेरच्या प्रशिक्षकांची मला वाटलेली भीती मी कधीच कबूल केली नसती. आपली वही कधीही न उघडणाऱ्या मार्गदर्शकाने शिष्याकडून उघडेपणाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

वेळेचेही तसेच आहे. सत्रानंतर लगेच पंधरा-वीस मिनिटे मोकळी असली, तर ग्रिप तीनदा सोडवणारे हात आठवतात. रात्री लिहायला बसले की ‘सहकार्य’ एवढेच उरते. स्पर्धेच्या काळात हे अवघड जाते, मला ठाऊक आहे. बसमध्ये, वॉर्म-अपच्या कडेला, ड्रेसिंग रूमच्या दाराशी दोन मिनिटांत होणाऱ्या बोलण्यातच आमचे निम्मे काम असते आणि त्याला सत्र असे नावही नसते. अशा वेळी मोबाइलवर स्वतःसाठी चार वाक्ये बोलून ठेवावीत, खेळाडूचे नाव न घेता. नोंदींतही नाव, संघ, क्रमांक असे काही असू नये. वही हरवली तरी कोणाची ओळख उघड होता कामा नये. हे किरकोळ वाटेल, पण खेळाडूंच्या लहानशा जगात एका तपशिलावरून माणूस ओळखता येतो.

एक सावधगिरीही हवी. चिंतन आणि रवंथ यांत फरक आहे, आणि पॉल ट्रॅपनेल व जेनिफर कॅम्पबेल यांनी १९९९ मध्ये तो संशोधनातही स्पष्ट करून दाखवला. एक कुतूहलातून जन्मते, दुसरे भीतीतून आणि खंतीतून. संवेदनशील प्रशिक्षणार्थी रात्र रात्र एकच वाक्य चघळत बसतात आणि त्याला चिंतन समजतात. म्हणूनच नोंद एकट्याने लिहिली तरी ती एकट्यापाशीच राहू नये. दुसऱ्या माणसाचा एक साधा प्रश्न त्या गोल फिरणाऱ्या विचाराला वाट दाखवतो. आणि आवश्यक असेल तर प्रशिक्षणार्थ्याला स्वतःसाठी समुपदेशन घेता येईल, अशी सोय असावी.

शेवटचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. बहुतेक नोंदी ‘तंत्र नीट वापरले का’ या प्रश्नापाशीच थांबतात. त्यापुढचा प्रश्न असा की, मी हे कोणासाठी करते आहे? माझे मानधन संघ देतो, मला बोलावतात प्रशिक्षक, आणि माझ्यासमोर बसलेला असतो खेळाडू. निवडीच्या आदल्या दिवशी प्रशिक्षक सहज विचारतात, “काय, तयार आहे ना तो?” विचारण्यात काही वाईट हेतू नसतो. पण ‘हो’ म्हणाले तरी मी गुपित फोडते, ‘नाही’ म्हणाले तरी फोडते आणि गप्प राहिले तर त्या गप्प राहण्याचाही अर्थ लावला जातो. दुखापत पुरती बरी झालेली नसताना खेळण्यासाठी खेळाडूचे मन तयार करा, असे सुचवले जाते तेव्हा मनोधैर्य वाढवण्याचे माझे कौशल्य नेमके कोणाच्या कामी येते? अशा क्षणांना आचारसंहितेतील कलमे अपुरी पडतात. ती लागतातच, पण कोणते कलम कधी आपल्या अंगावर येऊन उभे आहे हे ओळखायलाच मुळी सवय लागते, आणि ती सवय अशा नोंदींतून, अशा प्रश्नांतून अंगी बाणते. प्रशिक्षणाच्या काळात निदान काही बैठका केवळ याच प्रश्नासाठी राखून ठेवाव्यात आणि त्यांत अनुभवी प्रशिक्षकांनाही बोलावावे, असे मला वाटते. त्यांची बाजू आम्ही फार कमी वेळा नीट ऐकतो.

त्या बॅडमिंटनपटू मुलीला मी पुढे पुन्हा भेटले. या वेळी तक्ता, व्यायाम काहीच काढले नाही. तिच्या वडिलांविषयी एवढेच विचारले की, ते आले होते का. तिने बराच वेळ हातातल्या ग्रिपकडे पाहिले आणि मग बोलू लागली. ती काय बोलली ते तिचे आहे, म्हणून येथे लिहीत नाही. त्या दिवशीच्या माझ्या नोंदीत ‘सहकार्य’ हा शब्द नाही. तिची सात वाक्ये आहेत, जशीच्या तशी, आणि खाली बाईंनी पेन्सिलीने लिहिलेला पुढचा प्रश्न आहे.

आपली विश्वासू,
एक क्रीडा मानसशास्त्रज्ञ